फ्रिजमधला हिवाळा

कतारमधला हिवाळा अपुरा पडतो म्हणून घरातल्या घरात एक जादा हिवाळा तयार करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती म्हणजे अल खोरच्या आमच्या वसाहतीतल्या, समोरच्या घरातल्या काकू. इथल्या उन्हाळ्याला कंटाळलेली माणसं हवी तितकी भेटतात. मे महिना लागला की जो तो भारतात पळायच्या तयारीत असतो. पण काकूंची उन्हाबद्दल कधीच तक्रार नव्हती. "ऊन असायचंच की," असं म्हणून त्या उन्हाला माफ करून टाकायच्या. त्यांचा राग होता तो थंडीवर. डिसेंबरात आम्ही सगळे हौसेने स्वेटर काढून समुद्रावर फिरायला निघायचो, आणि काकू अंगणात उभ्या राहून, हात हवेत धरून, भाजीवाल्याने मापात मारल्यासारखा चेहरा करून म्हणायच्या, "ही काय थंडी म्हणायची? हिच्यानं खोबरेल तेलसुद्धा धड थिजत नाही."

काकू मूळच्या कोल्हापूरच्या. ठेंगण्या, गोल, सुती साडीवर पांढरे स्पोर्ट्स शूज आणि डोक्यावर काकांची जुनी, साइटवर वापरायची रुंद टोपी. काका गॅस प्लँटमध्ये मोठ्या हुद्द्यावर होते. ते उंच, सडपातळ आणि इतके अबोल की पहिले कित्येक महिने मला त्यांचा आवाज कसा आहे हेच माहीत नव्हतं. कंपनीने आम्हा सगळ्यांना एकसारखी घरं दिलेली. प्रत्येक घरापुढे वाळूचा एक चौकोन, एक नळ आणि एक बोगनवेल. बाकीच्यांच्या चौकोनात मुलांच्या सायकली पडलेल्या असायच्या. काकूंच्या चौकोनात कढीपत्ता होता, शेवगा होता, मोगरा होता, हिवाळ्यात पेटुनियाचे वाफे फुलायचे. पण हे सगळं काकूंच्या लेखी म्हणजे घरची पोरंबाळं, आपली आपण वाढणारी. त्यांचा जीव अडकला होता तो एकाच कुंडीत.

आमची ओळख झाली तीही त्या कुंडीमुळेच. मी लग्नानंतर दोन वर्षांनी नाशिकहून इथे आले ती नेमकी जुलैत. नवरा शिफ्टला गेला की घरात मी आणि एसीची घरघर. खिडकीचा पडदा सरकवला तर बाहेर पांढरंफटक ऊन आणि रस्त्यावर माणूस म्हणून नाही. आठवडाभर मी दार उघडलं नव्हतं. एका दुपारी बेल वाजली. दारात टोपीवाल्या काकू, हातात झाकणाची बादली. मला वाटलं, नव्या शेजारणीसाठी काहीतरी खायला आणलं असेल. त्या म्हणाल्या, "चहाचा चोथा टाकता काय गं तुम्ही?" मी म्हटलं, "हो, टाकतो." "कशाला टाकता? उद्यापासून ठेवायचा. साखर घालायच्या आधी गाळायचा. आणि तुझ्या एसीचं पाणी कुठं जातंय?" मला आमच्या एसीला पाणी असतं हेच माहीत नव्हतं. काकूंनी मला हाताला धरून, त्या रणरणत्या उन्हात, घरामागे नेलं आणि भिंतीतून बाहेर आलेली एक नळी दाखवली. तिच्यातून थेंब थेंब पाणी वाळूत जिरत होतं. काकू हळहळल्या, "बघ! एवढं चांगलं पाणी!" दुसऱ्या दिवशी त्या नळीखाली त्यांची एक बादली आली, आणि बादली न्यायला त्या रोज येऊ लागल्या. आल्या की बसायच्या, बसल्या की बोलायच्या. माझा तो पहिला उन्हाळा असा बादलीभर बादलीभर करून सरला.

चोथा आणि पाणी कुणासाठी, हे मला हळूहळू कळलं. काकूंच्या बैठकीच्या खोलीत, एसीच्या झोतापासून बेताच्या अंतरावर, स्टुलावर एक कुंडी होती. तिच्यात काळपट फांद्यांचं, बारीक पानांचं, उपाशी वाटणारं एक झुडूप. "ऱ्होडोडेंड्रॉन," काकूंनी ओळख करून दिली. मला तो शब्द दोनदा विचारावा लागला. दोह्यातल्या फुलांच्या दुकानात ते हिवाळ्यात मिळालं होतं. दुकानाच्या चिठ्ठीवर अझेलिया असं नाव होतं, पण काकूंचं म्हणणं, ते ऱ्होडोडेंड्रॉनचंच चुलत घराणं, आडनाव एकच. आम्हा शेजारणींना काही ते नाव झेपेना. झुडूप फार रोड होतं, म्हणून आम्ही त्याला रोडाबाई म्हणू लागलो, आणि पुढे काकूही म्हणू लागल्या. रोडाबाईला आंबट माती लागते, म्हणून चोथा. नळाचं पाणी सोसत नाही, म्हणून एसीचं पाणी. ऊन चालत नाही, गरम वारा चालत नाही, कोरडं चालत नाही, ओलं राहिलेलंही चालत नाही. "हिच्यापेक्षा माझ्या सासूबाई सोप्या होत्या," असं काकू म्हणायच्या आणि लगेच रोडाबाईच्या पानावर पाण्याचा फवारा मारायच्या.

एवढा अट्टहास का, तर काका तरुणपणी तेलाच्या कामावर स्कॉटलंडमध्ये होते. काकू लग्न होऊन थेट तिथे गेल्या होत्या. तिथे त्यांच्या घरमालकिणीच्या बागेत ऱ्होडोडेंड्रॉनची मोठी झाडं होती. त्यातलं एक फार उतावळं. बाकीची झाडं मे महिन्यापर्यंत दम धरायची, आणि हे फेब्रुवारीत, आजूबाजूला बर्फ असताना, लाल फुलांनी भरून जायचं. मग रात्री दहिवर गोठलं की सगळी फुलं काळी पडायची भीती. म्हणून मालकीणबाई रोज सूर्य मावळताना जुन्या चादरी घेऊन बागेत जायच्या आणि झाडाला पांघरूण घालायच्या. काकूंना ही चादरीची सवय तिथेच लागली. अल खोरला गोठायचा प्रश्न नव्हता, पण काकूंनी चादरी सोडल्या नाहीत. ऊन वाढलं की मोगऱ्यावर चादर, उत्तरेचा वारा सुटला की शेवग्यावर चादर, धूळ दिसली की कढीपत्त्यावर चादर. लांबून पाहिलं तर त्यांच्या अंगणात सात-आठ माणसं डोक्यावरून घेऊन बसल्यासारखी वाटायची. एकदा नवीन आलेल्या टपालाच्या माणसाने त्यांना खरंच सलाम आलेकुम केलं होतं.

उन्हाळ्यात एकदा आमच्या रांगेचे एसी दुपारी बंद पडले. आम्ही पंखे हलवत कंपनीच्या माणसांना फोन करत होतो. काकूंनी कुंडी उचलली, गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवली, तिला पट्टा लावला, गाडीतला एसी जोरात सोडला आणि निघाल्या. काकांना मागच्या सीटवर बसवलं. दोन तास तिघं अल खोरच्या रस्त्यांवरून फिरत राहिले. मधे सुपरमार्केट लागलं तेव्हा काकूंनी रोडाबाईला ट्रॉलीत ठेवून दही-दुधाच्या कपाटांपुढे उभं केलं. दुकानातल्या मल्याळी मॅनेजरने विचारलं, "मॅडम, ये बाहर से लाया क्या?" काकू म्हणाल्या, "हाँ. अभी वापस ले जाएंगे. थोडा ठंडा होने दो." त्याला वाटलं, बाईंना गरम होतंय. त्याने धावत जाऊन खुर्ची आणली. काकू खुर्चीत बसल्या, काका ट्रॉली धरून उभे राहिले. एसी दुरुस्त झाल्याचा माझा फोन गेला तेव्हा काकू त्या मॅनेजरला घरची चहाची पत्ती फेकू नको म्हणून बजावत होत्या.

एवढं करून झाडाला फूल मात्र येईना. दुकानातून आणलं तेव्हा होती ती फुलं गळली, ती गळलीच. काकूंनी पुस्तकं वाचली, इंटरनेटवर बघितलं आणि निष्कर्ष काढला की रोडाबाईला हिवाळाच मिळालेला नाही. कडक थंडी सोसल्याशिवाय तिच्या कळ्या जाग्या होत नाहीत. आणि अल खोरमध्ये कडक थंडी आणायची कुठून? इथे काका सापडले. काकांच्या प्लँटमध्ये गॅस इतका थंड करतात की त्याचा पाण्यासारखा द्रव होतो आणि तो जहाजात भरून जगभर जातो. काकू त्यांना जेवताना म्हणाल्या (हे मी स्वतः ऐकलंय, मी तेव्हा तिथे पिठलं वाढून घेत होते), "तुम्ही एवढ्या मोठ्या प्लँटमध्ये गॅसचं पाणी करता, आणि माझ्या एवढ्याशा प्लँटला थंडी देता येत नाही?" काकांनी भाकरीचा पुढचा घास मोडला. पण पुढच्या शुक्रवारी त्यांनी मागच्या खोलीतला जुना फ्रिज रिकामा केला, कप्पे काढले, आत एक छोटा दिवा बसवला, जो दार लावलं तरी दिवसभर चालू राहायचा, आणि बाहेर तापमान दाखवणारा एक आकडा. ऑक्टोबर संपता संपता रोडाबाईने फ्रिजमध्ये गृहप्रवेश केला.

त्यानंतर काकूंकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या पाहुण्याला एकदा तरी धक्का बसायचाच. कुणी थंड पाणी घ्यायला चुकून मागच्या खोलीत जायचं, फ्रिज उघडायचं, आणि आत उजेडात एक झाड उभं. दोह्याहून आलेले काकांचे एक मित्र तर पाणी न पिताच बाहेर आले. निघताना त्यांनी काकांना बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना?"

बऱ्या होत्या. आणि त्या किती बऱ्या होत्या हे मला त्याच हिवाळ्यात कळलं.

मी तेव्हा गरोदर होते. दिवस फेब्रुवारीचे होते, म्हणून आई जानेवारीत येणार होती आणि तिचा पासपोर्ट नवा करायला दिलेला होता. डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी माझा रक्तदाब एकदम चढला. नवरा प्लँटवर. मी काकूंना फोन केला तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. अँब्युलन्स, दोह्याचं मोठं हॉस्पिटल, घाईघाईत केलेलं ऑपरेशन. मुलगी झाली, दोन महिने आधी. तिला मी पहिल्यांदा काचेच्या पेटीत पाहिलं. अंगाला नळ्या, डोक्यावर कुणीतरी विणलेली पिवळी टोपी, आणि ती टोपीही तिला मोठी होत होती. नवरा शेजारी उभा होता. 

मला घरी सोडलं, तिला नाही. मला गाडी चालवायला मनाई. नवऱ्याची बारा तासांची शिफ्ट. तो सुट्टीसाठी धडपडत होता, मिळाली तेवढी त्याने घेतली, मग संपली. अल खोर ते दोहा म्हणजे वाळवंटातून सरळ जाणारा लांबलचक रस्ता. मी ज्या सकाळी टॅक्सीसाठी फोन हातात घेऊन बसले होते, त्या सकाळी समोरून हॉर्न वाजला. काकू गाडीत बसलेल्या. "चल की. यल्ला!" असं म्हणून त्यांनी दार उघडलं, जणू आम्ही रोजच जात असतो. आणि मग खरोखरच आम्ही रोज गेलो.

काकूंचं गाडी चालवणं हा एक स्वतंत्र विषय आहे. पन्नाशीत, पुन्हा पुन्हा परीक्षेला बसून त्यांनी इथलं लायसन मिळवलं होतं आणि परीक्षेत शिकवलेला एकही नियम त्या विसरल्या नव्हत्या. रिकाम्या रस्त्यावरही त्या सिग्नल देऊन, आरशात बघून, मान वळवून मगच लेन बदलायच्या. मागून मोठ्या गाड्या यायच्या, दिवे मारायच्या, हॉर्न वाजवायच्या. काकू शांत. "जाऊ दे त्याला पुढं. घरी पाहुणे आले असतील." माझ्या टाक्यांना धक्का बसू नये म्हणून रस्त्यातल्या प्रत्येक उंचवट्याची त्या आधी सूचना द्यायच्या: "आता एक येतंय गं, पोटाला उशी लाव." ती उशीही त्यांचीच, आणि पायाशी असलेली बर्फाची पेटीही त्यांचीच. त्या पेटीतून मी काढलेलं दूध रोज मुलीकडे जायचं.

आत फक्त आई-वडिलांना जाऊ द्यायचे. काकू बाहेरच्या बाकावर, थर्मास मांडीवर घेऊन, तासन्‌तास बसायच्या. दोन-तीन दिवसांत त्या बाकावरची सगळी माणसं त्यांची झाली. एक सुदानी आजी होती, तिचा नातू माझ्या मुलीच्या शेजारच्या पेटीत होता. तिला अरबीखेरीज काही येत नव्हतं आणि काकूंच्या अरबीत यल्ला, खलास, शुक्रन (चल, संपलं, आभार) यापलीकडे मजल नव्हती. पण मी बाहेर आले की त्या दोघी जुन्या मैत्रिणींसारख्या डोक्याला डोकं लावून बसलेल्या असायच्या, आणि काकू मला सांगायच्या, "तिच्या थोरल्या सुनेचं आणि तिचं पटत नाही." मी विचारलं, "हे तुम्हाला कसं कळलं?" "कळतं की. तिनं हात असा केला."

एकदा परत येताना मी गाडीत रडायला लागले. कारण काही खास नव्हतं. रस्त्याकडेला उंटांची रांग चालली होती आणि तिच्यात एक पिल्लू होतं, बस एवढंच. काकूंनी गाडी नियमाप्रमाणे कडेला घेतली, इंडिकेटर चालू ठेवला आणि समोर बघतच बोलायला लागल्या. स्कॉटलंडमधल्या त्यांच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला होता. काका समुद्रातल्या तेलविहिरीवर, महिना महिना तिकडेच. भाषा येत नाही, बाहेर गुडघाभर बर्फ. त्या घरमालकीणबाई रोज वर यायच्या, सूप द्यायच्या आणि काही न बोलता विणत बसायच्या. काकूंना वाटायचं आपण आता इथेच मरणार. एका सकाळी बाईंनी पलंग खिडकीशी ओढला आणि पडदा बाजूला केला. खाली बागेत बर्फ होतं, आणि ते उतावळं झाड लाल झालं होतं. बाईंनी त्याच्याकडे बोट दाखवलं आणि मग काकूंच्या डोक्यावर हात ठेवला. "मला तेव्हा इंग्रजीत थँक यू एवढंच येत होतं बघ," काकू म्हणाल्या, "आणि मला त्या बाईला तेवढंसुद्धा म्हणवेना. किती लहान वाटतं ते म्हणताना. म्हटलंच नाही कधी." मग त्यांनी आरशात बघितलं, मान वळवली, सिग्नल दिला आणि गाडी रस्त्यावर घेतली.

नर्सने सांगितलं होतं की घरी साठवायचं दूध स्वच्छ फ्रिजमध्ये ठेवा, ज्यात दुसरं काही नसेल, जो सारखा उघडला जात नसेल आणि ज्याचं तापमान खालीवर होत नसेल. आमच्या घरच्या फ्रिजचं दार नीट बसत नव्हतं. मी हे गाडीत सहज बोलून गेले. संध्याकाळी दूध ठेवायला म्हणून काकू मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तो फ्रिज धुऊन पुसून लख्ख केलेला होता, आत माझ्या बाटल्यांसाठी कप्पे परत बसवलेले, बाहेर तो आकडा. रोडाबाई नव्हती. ती मागच्या दाराच्या पायरीवर होती, बाहेर, भिंतीला टेकून. मी म्हटलं, "काकू, अहो, तिचा हिवाळा अर्धाच झालाय." वर्षभर त्यांनी त्या झाडासाठी काय काय केलं होतं ते मला माहीत होतं. काकू बाटल्या रचत होत्या. "तिचं ती बघेल," त्या म्हणाल्या. "मोठी झाली आता."

आमच्या वसाहतीच्या गेटवर एक नेपाळी रखवालदार होता, चाळिशीचा, हसतमुख. रोडाबाई बाहेर आल्यावर तो जाता-येता पायरीशी थांबायला लागला. तो म्हणायचा, "मॅडम, हमारे गाँव में ये इतना बड़ा होता है, घर से ऊँचा. पूरा जंगल लाल." त्याने फोनवर रोडाबाईचा फोटो काढून गावी आईला पाठवला होता. आईने उलट विचारलं, झाड आजारी आहे का.

जानेवारीच्या सुरुवातीला मुलीला संसर्ग झाला. आदल्या दिवसापर्यंत वजन वाढत होतं, आणि त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, दूध बंद, आता औषधाने काय होतं ते बघू. आम्ही संध्याकाळी परत आलो तेव्हा गेटवर तो रखवालदार गाडीकडे धावत आला. त्याचा चेहरा फुलला होता. "मॅडम! फूल! फूल आया!" काकूंनी काच खाली केली, त्याच्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाद में, भैया." त्यांनी गाडी त्यांच्या दाराशी नाही, माझ्या दाराशी लावली. माझ्या स्वयंपाकघरात जाऊन मुगाची खिचडी टाकली. नवरा येईपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिल्या. त्यांचं घर समोर होतं, दहा पावलांवर. मागच्या पायरीवर ते फूल होतं, ज्याची त्यांनी एवढी वाट बघितली होती. त्या गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा दोह्याला. त्याच्या पुढच्या दिवशीही. त्या दिवसांत उत्तरेचा वारा सुटला होता आणि रस्त्यावरून वाळू सापासारखी सरपटत होती.

तिसऱ्या दिवशी मी आत गेले तेव्हा नर्सच्या हातात दुधाची नळी होती. ती म्हणाली, ताप उतरलाय, दूध पुन्हा सुरू करतोय. मी धावत बाहेर आले. मी नुसती मान हलवली. काकूंनी थर्मास बाकावर ठेवला आणि पदर तोंडाला लावला. सुदानी आजीने दोघींना एकाच मिठीत घेतलं.

त्या दिवशी परतल्यावर आम्ही मागच्या पायरीकडे गेलो. पायरीपुढे कपडे वाळत घालायचा स्टँड आडवा उभा केलेला होता, त्याला चादर बांधलेली, चादरीची टोकं विटांनी दाबलेली, आणि चादरीच्या आड, वाऱ्याकडे पाठ करून, काका खुर्चीत बसले होते. अंगावर, भुवयांवर वाळू. ज्या काकांनी त्या झाडाबद्दल कधी हो किंवा नाही म्हटलं नव्हतं, त्यांनी प्लँटवरून रजा टाकली होती. काकूंकडे बघून ते म्हणाले, "वारा होता." बरीचशी फुलं तरीही गेली होती. राणी रंगाच्या पाकळ्या फरशीवर, वाळूत पसरल्या होत्या. भिंतीच्या बाजूच्या एका फांदीवर मात्र काही होती, चुरगळलेली, पण होती. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "काकू, माझ्यामुळे तुम्हाला बघायलाच मिळालं नाही." काकू काकांच्या भुवया पदराने झाडत होत्या. मला म्हणाल्या, "रडतीस कशाला? यायचं ते आलं की. मी बघितलं नाही म्हणून काय ते आलं नव्हतं होय?"

जानेवारीच्या अखेरीस मुलगी घरी आली. काकूंनी तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा गाडीला लागते तेवढीच सावधगिरी त्यांनी बाळगली होती. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मगच वळल्या. माझी आई आली, गेली. मुलगी काकूंच्या अंगणात रांगली, चादरींच्या आत लपली. तिच्या तोंडचा पहिला शब्द "पानी" होता, कारण तिथे दिवसभर तोच एक विषय चालायचा.

मग काका निवृत्त झाले. इथे निवृत्त झालं की राहता येत नाही. सामान बांधायला आठवडे लागले. रोडाबाई गेटवरच्या रखवालदाराकडे गेली. त्याच्या केबिनला एसी होता आणि आम्ही सगळ्यांनी त्याला चोथा पोचवायचं कबूल केलं. निरोपाच्या दिवशी विमानतळावर मी बरंच काही मनात जुळवून गेले होते. पण काकूंच्या बॅगा वजनात जास्त भरल्या. त्या जमिनीवर बसून बॅगेतून चादरी काढत होत्या, परत घालत होत्या, काउंटरवरच्या मुलीला समजावत होत्या. जायची वेळ झाली तेव्हा त्यांनी माझा गाल धरला आणि म्हणाल्या, "एसीचा फिल्टर धुऊन घे. आणि हिच्याशी मराठीतच बोल." आत जाताना त्यांची टोपी गर्दीत बराच वेळ दिसत राहिली.

आता त्या कोल्हापूरला असतात. दर शुक्रवारी फोन येतो. मुलीला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते. काकू तिच्याशी कोल्हापुरीत बोलतात, ती त्यांच्याशी इंग्रजीत, आणि दोघींचं ठीक चाललेलं असतं. मग फोन माझ्याकडे येतो. त्यांच्या तिथल्या बंगल्यामागे मोठी जागा आहे, काळी माती आहे. काकूंचा आवाज तक्रारीचा असतो. "इथं काय टाकलं तरी उगवतंय गं. नुसतं टाकायचं. माझी काय गरजच नाही कुणाला." मागून काका काहीतरी म्हणतात. ते आता थोडं बोलायला लागलेत. मागच्या शुक्रवारी मी म्हटलं, "हिवाळ्यात या ना दोघं. माझा नवरा व्हिसाचं बघतोय." काकू एकदम खुलल्या. काय काय आणायचं ते सांगायला लागल्या: तिखट, मेतकूट, मुलीसाठी परकर-पोलकं. मग काकांच्या गुडघ्यांवर आल्या, मग डॉक्टर काय म्हणाले त्यावर, मग लांबच्या प्रवासावर. आणि शेवटी म्हणाल्या, "येऊ की. इन्शाल्ला."

इन्शाल्ला म्हणजे देवाची इच्छा असेल तर; पण इथे काही वर्षं काढलेल्या माणसाला तो शब्द येणार म्हणून म्हटलाय की नाही म्हणवत नाही म्हणून, ते ओळखता येतं. मीही म्हटलं, "इन्शाल्ला." त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.